गौरव्वाची घागर

रमजानच्या आधीचा शाबान महिना निम्मा सरला की मी दिवस मोजायला लागते. आजूबाजूला सगळं छान चाललेलं असतं. सून डबे घासून उन्हात मांडते, शेवयांचा भाव काढते. मशिदीला नवा रंग लागतो. नातू रात्रीच्या तरावीहच्या नमाजासाठी नवी टोपी मागतो. रमजान जवळ आला म्हणून माणसांचे चेहरे उजळतात आणि मी मात्र अभ्यास न झालेल्या मुलीसारखी या खोलीतून त्या खोलीत फिरत राहते. चाळीसहून जास्त वर्षं झाली, राहिलेला धडा तोच आहे.

त्यात हल्ली फोनवर माफीचे निरोप येतात. गुलाबाचं फूल, मागे मिनार, खाली ओळ: आमच्याकडून काही चुकलं असेल तर रमजानच्या आधी माफ करा. एका बोटात दोनशे जणांना. मागच्या वर्षी माझ्या दाताच्या डॉक्टरनंही पाठवला होता. त्याला मी लगेच माफ केलं, दात त्यानं चांगला काढला होता. पण ही घाऊक माफी बघून मला जितकं हसू येतं तितकीच धडकी भरते. आमच्या लहानपणीच्या उस्तानीबींनी हे बघितलं असतं तर फोन पाण्यात टाकला असता.

घरात माझी एक खोड सगळ्यांच्या चेष्टेचा विषय आहे. मी कुणालाही 'उद्या येते' असं म्हणत नाही. 'बघू' म्हणते, 'जमलं तर' म्हणते. शाळेत तीस वर्षं शिकवलं, पण मुलांना 'उरलेलं उद्या शिकवते' असं कधी तोंडातून निघालं नाही. मुलगा म्हणतो, "अम्मीचा उद्यावर भरवसाच नाही." भरवसा माझा उद्यावर आहे. माझ्यावर नाही.

रमजान एका ऋतूत थांबत नाही. दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, थंडीतून पावसाळ्यात, पावसाळ्यातून उन्हाळ्यात. मी म्हणते तो रमजान ऐन उन्हाळ्यातला. लातूर जिल्हा नवा नवा झालेला होता. आम्ही उदगीरला राहायचो, किल्ल्याच्या बाजूच्या एका गल्लीत. अब्बा तहसिलीत कारकून. निजामाच्या वेळची जमिनीची दप्तरं उर्दूत होती आणि ती वाचणारी माणसं कमी उरली होती, म्हणून अब्बांना नव्या जिल्ह्याच्या कचेरीत बोलावून घेतलं होतं. ते लातूरला एकटे राहत आणि रविवारी एसटीनं घरी येत. मोठे लोक जिल्ह्याचं बोलायचे, आता सगळं जवळ आलं म्हणायचे. पाणी मात्र दूर गेलं होतं. दोन पावसाळे कोरडे गेले होते, आडांचे तळ दिसत होते, आणि गल्लीत चार-पाच दिवसांनी एकदा टँकर यायचा.

मी तेरा वर्षांची होते आणि त्या वर्षी माझ्यावर रोजे फर्ज, म्हणजे सक्तीचे, झाले होते. आमच्या उस्तानीबी, म्हणजे दुपारी गल्लीतल्या मुलींना कुराण शिकवणाऱ्या बाई, माझ्याकडे चष्म्यावरून बघत म्हणाल्या होत्या, "अब तेरा तू देख. अम्मी के पल्लू में छुपने के दिन गए." तोवर अर्धा रोजा, चिमणीचा रोजा असले लाड चालायचे. आता माझ्या डाव्या खांद्यावर बसून माझी पापं लिहिणारा फरिश्ता खरोखरच लिहायला बसला, असं मला वाटायला लागलं. चालताना तो खांदा जडही वाटायचा.

अम्मीची रमजानची तयारी शाबानचा चांद दिसला की सुरू व्हायची. तिच्याकडे पत्र्याची एक डबी होती आणि तिच्यात चिंचोके. मागच्या रमजानमध्ये जितके रोजे सुटले तितके चिंचोके. नवा रमजान लागायच्या आत ते रोजे भरून काढायचे. एक रोजा झाला की संध्याकाळी एक चिंचोका चुलीत. चुलीत तो फुटायचा तेव्हा ती हलकेच "चला" म्हणायची. नमाजाचं आसन, जानमाज, धुवायला पाणी नव्हतं, म्हणून ती ते कडक उन्हात बाजेवर टाकून वेताच्या छडीनं झोडपायची. कुराणाला नवं कापडी वेष्टन शिवायची. शिवताना ओठ हलत असायचे. घरात धूळ आणि उदबत्तीचा वास असायचा, आणि सगळं घर कुणी मोठा पाहुणा यायचा असल्यासारखं दबून वागायचं.

आणि टँकर. घागरी सकाळीच रांगेत लागायच्या. माणसं उन्हाला भिऊन घरात, घागरी बाहेर. घागर म्हणजे माणूसच, तिची जागा कुणी हलवायची नाही, हा गल्लीचा कायदा होता. हिंदू, मुसलमान, लिंगायत, सगळ्यांच्या घागरी एकमेकींना खेटून उभ्या असायच्या. त्या दिवशी अम्मीनं मला दुपारी बघायला पाठवलं, टँकर आला का म्हणून. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. आमच्या घागरीच्या पुढे गौरव्वाची घागर होती, तोंडाला पोचा आलेली, लांबूनही ओळखू येणारी.

गौरव्वा आमच्या समोरच राहायची. लिंगायत म्हातारी, नवरा भुसार दुकानदार होता, तो वारल्यावर दुकान बंद पडलं आणि मागच्या एका खोलीत ती एकटी उरली. मुलगी भालकीला दिलेली. रोज सकाळी गळ्यातलं शिवलिंग डाव्या तळहातावर घेऊन ती पूजा करायची, त्यावर थोडं पाणी घालायची, आणि त्याशिवाय तोंडात घास घालायची नाही. हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं.

मी दोन्ही घागरी उचलल्या आणि जागा बदलली. एवढंच. का केलं, तर सांगायला मोठं कारण नाही. ऊन होतं, अम्मीचा रोजा होता, टँकर हल्ली शेवटपर्यंत पुरत नव्हता, आणि कुणी बघत नव्हतं. त्या दिवशी आमची घागर काठोकाठ भरली आणि नळीतून फक्त वारा यायला लागला. गौरव्वानं रिकाम्या घागरीत वाकून बघितलं, "नशीब, यव्वा," म्हणाली आणि घागर कडेवर घेऊन घरी गेली. मी भरलेली घागर डोक्यावर घेऊन तिच्या शेजारून चालले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पूजेच्या पाण्यासाठी गावाबाहेरच्या जुन्या बारवेत उतरली. पाणी अगदी तळाला होतं. पायरीवरून घसरली. दोन बायकांनी तिला धरून आणलं तेव्हा मी दारात उभी होते. तिचा डावा हात मनगटापासून भलताच वळलेला होता. हाडवैद्यानं बांबूच्या कांब्या लावून तो बांधला. ज्या तळहातावर ती देव घ्यायची, तोच हात.

त्या दिवसापासून माझी पाचावर धारण बसली. कुणी काही म्हणत नव्हतं, कुणाला कळलेलंही नव्हतं, पण चोराच्या मनात चांदणं. अम्मीनं नुसतं नाव घेऊन हाक मारली तरी मी दचकायचे. त्यातच उस्तानीबींनी त्या आठवड्यात नेमका तोच धडा काढला. पंख्यानं वारा घेत, डुलत डुलत त्या म्हणाल्या, "अल्ला का हक अल्ला माफ करता. बंदे का हक बंदाच माफ करता. उसके दर पे जाना पडता. क्या किया सो बोलना पडता. नै तो रोजे आसमान और जमीन के बीच में लटकते रहते." बाकीच्या मुली खिडकीतल्या चिमणीकडे बघत होत्या. मला माझे तीस रोजे दिसत होते, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखे, वर जात नाहीत आणि खालीही पडत नाहीत.

मग मला पाण्याचीच भीती वाटायला लागली. आमच्या रांजणात त्या घागरीचं पाणी मिसळलं होतं. त्या पाण्यानं वजू केली, म्हणजे नमाजाआधी हात-तोंड-पाय धुतले, तर वजू होईल का? आणि वजू झाली नाही तर नमाज कुठली? दुष्काळ म्हणून उस्तानीबींनी आम्हाला तयम्मुम शिकवलं होतं, म्हणजे पाणी नसेल तेव्हा स्वच्छ मातीवर हात टेकवून तोंडावर आणि हातांवर फिरवायचे. मी तेच करायला लागले. शेजारी भरलेला लोटा आणि मी भिंतीच्या मातीला हात लावतेय. तिसऱ्या दिवशी अम्मीनं पकडलं.

"पानी है ना गे लोटे में, मिट्टी कायकू?"

मी मातीचे हात मागे लपवले. अम्मीनं आपल्या मनानंच उत्तर काढलं. पोरगी पाणी वाचवतेय! तिचे डोळे भरून आले. संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीला कळलं की कारकुनाची मुलगी तेरा वर्षांची आहे पण किती समज. उस्तानीबींनी, पाणी असताना तयम्मुम होत नाही असं आधी बजावलं आणि मग माझ्या डोक्यावरून हात फिरवला. चोरी करून कुणाला शिक्षा होते, माझा सत्कार झाला. त्या रात्रीपासून मला झोप लागेनाशी झाली.

शब-ए-बारात येऊन गेली. त्या रात्री पुढच्या वर्षाचं सगळं वर लिहिलं जातं म्हणतात, कोण जगणार, कोण जाणार. गल्लीत चण्याच्या डाळीचा हलवा वाटला गेला. मी माझं ताट घेऊन गौरव्वाच्या दारापर्यंत गेले आणि ताट उंबऱ्यावर ठेवून पळून आले. रमजानला पंधरा दिवस उरले होते.

अकरा उरले तेव्हा मी गेले. ती भिंतीला टेकून बसली होती, बांधलेला हात उशीवर. लिंग समोर तांब्याच्या ताटलीत ठेवलेलं, उजव्या हातानं ती त्यावर थेंब थेंब पाणी सोडत होती. पूजा होईपर्यंत मी दारातच उभी राहिले. मग एका दमात सगळं सांगितलं, घागर, जागा, टँकर. शेवटी म्हणाले, "अव्वा, माफ करा. रमजान लागायच्या आत माफी पाहिजे."

तिनं बांधलेला हात उशीवर नीट ठेवला.

"तुझ्या रोज्यासाठी माफी पायजे तुला," ती म्हणाली. "माझ्या हातासाठी न्हाई."

मी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायला लागले.

"न्हाई माफ करत. हात लई दुखायलाय. पाणी भरशील माझं?"

"भरते."

"भर मंग. उद्या ये. बघू."

तेव्हापासून मी रोज जायला लागले. अम्मीला वाटलं, पुण्याचं काम करतेय, तिनं आणखी कौतुक केलं. टँकर आला की आमची घागर भरायची आणि मग गौरव्वाची. नाही आला त्या दिवशी लांबच्या हातपंपावर. दोनशे वेळा दांडा हाणायचा तेव्हा घागरीचा तळ झाकायचा. घागर ठेवली की ती म्हणायची, "बस गे जरा." बसले की भालकीची मुलगी, तिचा मोठा वाडा, सासू किती खाष्ट, नवऱ्याच्या दुकानातली तूर, उंदीर, सगळं सांगायची. उजव्या हातानं शेंगा फोडून माझ्यापुढे सरकवायची. मी शेंगा खायचे आणि मनात दिवस मोजायचे. उठताना विचारायचे, "अव्वा, आज?"

"आज न्हाई. उद्या ये."

नऊ दिवस उरले, सात, चार. मला तिचा राग यायला लागला. मग रागाचीच भीती वाटायला लागली, कारण मनात राग ठेवून रमजानमध्ये जायचं नसतं. म्हातारी मला दोरीला बांधून खेळवतेय असं वाटायचं. आज मी स्वतः दुपारच्या वेळी सोफ्यावर बसून बेल वाजायची वाट बघते, कुणी नुसतं बिल द्यायला आला तरी त्याला पाणी विचारते, बसवून घेते. तेरा वर्षांच्या मुलीला यातलं काही कळत नव्हतं. तिला फक्त चांद दिसायच्या आत एक शब्द हवा होता.

शाबानच्या एकोणतिसाव्या दुपारी अब्बा अचानक आले. रविवार नव्हता. तहसिलीतली जुनी दप्तरं लातूरला न्यायला सरकारी ट्रक आला होता आणि ट्रकमध्ये आमच्या बिऱ्हाडापुरती जागा होती. "कल सुबे निकलना है," अब्बा म्हणाले. अम्मीचा चेहरा पडला. "रोजे के पैले दिन? ईद के बाद बोले थे ना?" अब्बा म्हणाले, ईदनंतर ट्रक येणार नाही. अम्मीनं पदर खोचला आणि भांडी पोत्यात भरायला लागली.

टँकर त्या दिवशी आला नव्हता आणि हातपंपावर जायला वेळ नव्हता. मी आमच्याच रांजणातून गौरव्वाची घागर अर्धी भरली आणि दिवस कलल्यावर, असरच्या अजानीनंतर, तिच्याकडे गेले. आम्ही चाललो हे तिला अजून माहीत नव्हतं. घागर ठेवली. बसले नाही.

"अव्वा, आज शेवटचा दिवस आहे. आज चांद दिसेल. आज माफ करा."

तिनं शेंगांची टोपली माझ्यासमोर ठेवली होती, ती हळूच परत आपल्याकडे ओढली. खाली बघत म्हणाली, "माफ केलं तर उद्या येशील का गं?"

म्हणजे इतके दिवस ती कशासाठी 'आज न्हाई' म्हणत होती, ते त्या क्षणी मला कळलं. पूर्ण कळलं. कळलं नव्हतं असं मी आज म्हणू शकत नाही, तेवढी सूट मला नाही. आमच्या घरातून भांडी पोत्यात पडल्याचा आवाज येत होता. बाहेर ऊन उतरत होतं आणि चांद दिसायला तासभरही उरला नव्हता.

"येते," मी म्हणाले. "उद्या येते."

"मंग केलं माफ," गौरव्वा म्हणाली आणि उजवा हात माझ्या तोंडावरून फिरवला. "जा. चांद बघ."

चांद दिसला. छपरांवर पोरांनी आरडाओरडा केला, बायका एकमेकींच्या गळ्यात पडल्या, अम्मीनं दुआसाठी हात उचलले आणि रडली. मीही हात उचलले. काय मागावं ते सुचेना. माफी मिळाली होती, आणि ती खोटं बोलून मिळवली होती. आता त्याची माफी कुणाकडे मागायची, आणि कोणत्या दिवशी?

त्यानंतर रमजान सगळे ऋतू फिरून पुन्हा एकदा उन्हाळ्यात आला, तेव्हा लातूरला रेल्वेनं पाणी आणत होते. आमच्या कॉलनीत टँकर आला की मी माझी घागर रांगेत सगळ्यांच्या मागे नेऊन ठेवायचे. सून चिडायची, "अम्मी, आपण तर दुसरे होतो!" एकदा आमच्यापर्यंत येऊन पाणी संपलं. त्या दिवशी घरात सगळे माझ्यावर रागावले होते आणि मला कितीतरी वर्षांनी शांत झोप लागली. एकच दिवस. मग पुन्हा शाबान आला.

उदगीरला मी गेले होते, लातूरला आल्यावर दुसऱ्या वर्षी, अब्बांबरोबर. खोलीला कुलूप होतं. मुलगी तिला भालकीला घेऊन गेली असं शेजारणीनं सांगितलं. पुढे काही वर्षांनी ती वारल्याचं कळलं. उस्तानीबीही गेल्या, नाहीतर त्यांना विचारलं असतं, माणूस गेल्यावर त्याचा हक कोण माफ करतं? त्या काय म्हणाल्या असत्या ते मला माहीत आहे, म्हणूनच दुसऱ्या कुणाला विचारलेलं नाही.

रमजानच्या त्या पहिल्या सकाळी सामान ट्रकमध्ये चढलं. लाल कापडात बांधलेल्या दप्तरांच्या चळती आणि त्यांच्यामध्ये आमची भांडी, गाद्या, रांजण. अम्मी घरोघर निरोप घ्यायला निघाली. गल्लीची रीत होती, निघताना आणि रमजानच्या तोंडावर तर नक्कीच, 'कहा-सुना माफ करना' म्हणून जायचं. मला म्हणाली, "चल गे, गौरव्वा को तो मिल." मी पोट दुखतंय म्हणाले. रोजा तोंडात धरून दुसरं खोटं. ट्रकमध्ये चढले आणि दोन चळतींच्या मधल्या फटीत बसले. जुन्या कागदांचा कुबट वास येत होता. फटीतून समोरचं दार दिसत होतं.

गौरव्वा दारात आली. अम्मी काहीतरी बोलली, ट्रककडे हात केला. गौरव्वानं ट्रककडे बघितलं. मी मान खाली घातली. तिला मी दिसले का, मला ठाऊक नाही. पुन्हा वर बघितलं तेव्हा अम्मी परत येत होती आणि दारात कुणी नव्हतं.

ट्रक सुरू झाला. नळेगावच्या रस्त्याला लागल्यावर मी विचारलं, "क्या बोली अव्वा?"

"रोने लगी," अम्मी म्हणाली. "फिर तेरे वास्ते बोली, पोरीला म्हणावं, घागर भरलेली हाय, आज न्हाई आली तरी चालंल."

अम्मीला ते ऐकून बरं वाटलं होतं. तिनं माझ्या डोक्यावर पदर नीट केला आणि तसबीहचे मणी ओढायला लागली. गौरव्वानं मला मोकळं केलं, की माझं खोटं माझ्याच हातात परत दिलं, हे मला तेव्हाही ठरवता आलं नाही आणि आजही येत नाही. घागर अर्धीच होती. मीच नेऊन ठेवली होती.